कैलासवासी इंदूआत्या, मुक्काम पेण

इंदूआत्या वारल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आत्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या. हातात पिशवी, पिशवीतून बाहेर डोकावणारं पडवळ, आणि चेहऱ्यावर दुसऱ्याच्या घरची बातमी ऐकताना असतं तसं कुतूहल.

गणपती तोंडावर आले होते. पेणचे कारखाने रिकामे होत आले होते. गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या जागेला पेणला कारखानाच म्हणतात. जरा सवड मिळाली म्हणून आत्या रोह्याला भावाकडे निघाल्या आणि सोबतीला मला घेतलं. रोह्याच्या बाजारातून जाताना एका मांडवावर पाटी दिसली, ‘पेणचे सुप्रसिद्ध गणपती’. अशी पाटी दिसली की आत्यांचे पाय आपोआप थांबत.

मांडवाचा मालक मधुशेठ. एरवी तो प्लॅस्टिकच्या बादल्या नि खुर्च्या विकायचा, हे नंतर कळलं. त्यानं आम्हाला बघितलं आणि एक मूर्ती पुढं केली.

“अस्सल पेण, ताई. इंदूआत्याच्या कारखान्यातला माल. नाव ऐकलंय ना?”

“ऐकलंय तर,” आत्या म्हणाल्या. “कशी हाय ती बाई आता?”

मधुशेठनं मान हलवली. “गेली ना गो. शिमग्याच्या आधीच गेली.”

“अगं बाई! कशानं?”

“वय झालेलं. मी सोता होतो ना पोचवायला. हा तिचा शेवटचा लॉट, म्हणून भाव जरा चढा हाय. पण हात काय होता, ताई! मातीतून देव उठून बसायचा.”

मी मनात म्हटलं, आता भांडण होणार, लोक जमणार. मी आत्यांकडं बघितलं तर त्यांचे डोळे पाणावलेले. इतकं चांगलं त्यांच्याबद्दल त्यांच्या तोंडावर कुणी कधी बोललंच नव्हतं. त्यांनी चष्मा सारखा केला, मूर्ती जवळ घेतली आणि निरखून म्हणाल्या, “पण डोळे तिरळे हायत ह्याचे.”

“शेवटी शेवटी तिला दिसत नव्हतं ना,” मधुशेठ म्हणाला.

आत्यांनी मूर्ती हळूच खाली ठेवली नि निघाल्या. चालता चालता मी विचारलं, “आत्या, बोलला का नाही तुम्ही?” तर म्हणाल्या, “मेला चांगलं बोलत व्हता गो. मधेच कुठं तोडू?” आणि जरा पुढं गेल्यावर, “तेराव्याला कोण कोण जेवलं ते विचारायचं राह्यलं बघ.”

तर अशा इंदूआत्या. त्यांचं आडनाव कारखान्याच्या पाटीवर होतं, पण पाटी आतल्या बाजूला ठेवलेली होती, कारण तिच्या मागं रंगाचे डबे नीट राहायचे. सगळं पेण त्यांना आत्या म्हणायचं. खरी आत्या त्या एकट्या संदीपची, म्हणजे रोह्याच्या भावाच्या मुलाची. तो लहानपणी सुट्टीत आला की ‘आत्या, आत्या’ करत गल्लीभर फिरायचा, तेव्हापासून गल्लीनं तेच नाव उचललं.

मी पारोळ्याकडची, खान्देशातली. सातवीत शाळा सुटली, मग लग्न, मग नवऱ्यामागून इकडं. नवरा डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडं कामाला. ठेकेदार आज आहे, उद्या नाही. मला मुळातच काळजी करायची सवय, त्यात खाडीकाठचं ते खारं पाणी, माशांचा वास, आणि माझं बोलणं ऐकून हसणाऱ्या बायका. कुणीतरी सांगितलं, आत्यांकडं रंगकामाला बाई पाहिजे. मी दारात जाऊन उभी राहिले. आत आत्या एका मूर्तीसमोर बसून म्हणत होत्या, “सरळ बस. पोट आत घे.” मी भीतीनं सरळ उभी राहिले आणि पोट आत घेतलं. शेवंता नावाची कामाला असलेली बाई हसून हसून खाली बसली. आत्या मूर्तीशी आणि माणसांशी एकाच आवाजात बोलत, त्यामुळं नव्या बाईला पहिला महिनाभर कळतच नसे की ओरडा कुणाला बसतोय.

“कुठची गो तू?”

“खान्देशातली शे… आहे.”

“शे?” आत्यांना तो शब्द फार आवडला. त्या दिवसापासून माझं नाव ‘खान्देश’ पडलं. “ए खान्देश, चहा शे का?” सगळा कारखाना मग दिवसभर शे-शे करायचा. मला आधी रडू यायचं. नंतर एक दिवस आत्या आजारी पडून घरात होत्या आणि कुणी शे म्हणालं नाही, तेव्हाही रडू आलं.

मला त्यांनी पितांबर रंगवायला शिकवलं. धोतराची प्रत्येक चुणी वेगळी, सावली कुठं गडद, कुठं फिकी. दागिने शेवंताकडं, अंगाचा रंग आणखी दोघींकडं. पण डोळे फक्त आत्यांचे. त्याला आखणी म्हणतात. आखणीचा बारीक कुंचला त्या अंबाड्यात खोचून ठेवत, इतर बायका फूल खोचतात तसा. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं मूर्ती बांधायची सुतळी. आखणीच्या आधी चहा लागायचा, तोही बशीतून. बशी खाली ठेवली की रेडिओ बंद, बोलणं बंद. दोन्ही डोळे पुरे होईपर्यंत कुणी शिंकलं तरी त्याला दुपारभर टोमणे.

गिऱ्हाईकांच्या बाबतीत त्यांचे काही नियम होते आणि ते धंद्याला अजिबात बरे नव्हते. आल्या आल्या “किती फुटी आहे?” विचारणाऱ्याला त्या शेजारच्या कारखान्याचा रस्ता दाखवत. घासाघीस करणाऱ्याला म्हणत, “मला काय सांगतोस, त्यालाच विचार, येतो काय एवढ्यात.” माणूस ओशाळून मूर्तीकडं बघायचा आणि गप्प पैसे काढायचा. मूर्तीवर नाव घालत नसत. आणि एखादी मूर्ती फसली तर तिला खराब, वाईट, टाकाऊ असला शब्द त्यांच्या कारखान्यात चालत नसे. शाडूची माती, पाण्यात घातली की पुन्हा माती. “आज नाय बसायचं त्याला,” म्हणत आणि भिजत घालत.

मधुशेठची गोष्ट आमच्यात हसण्यावारी गेली. त्या गणपतीत शेवंता आत्यांना ‘कैलासवासी’ अशीच हाक मारत होती. पण दिवाळीनंतर संदीप रोह्याहून आला तो हसत नव्हता.

संदीपचा रोह्याला एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटरचा क्लास. त्याच्याकडं नवंनवं इंटरनेट आलं होतं. टेलिफोनच्याच तारेवरून चालायचं ते, बाहेरून कुणाचा फोन आला की बंद पडायचं. अमेरिकेत एका गावच्या मराठी मंडळाला आत्यांच्या मूर्ती जायच्या, त्यांचा पत्रव्यवहार हल्ली संदीपकडं ई-मेलनं यायचा. त्यानं तो छापून आणला होता. आत्यांना चष्मा सापडेना, म्हणून तो कागद वाचायला मला दिला. मी आपली एक एक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागले.

“आदरणीय कुटुंबीय, इंदूआत्यांच्या निधनाची वार्ता वाचून मंडळाच्या सर्व सभासदांना अतीव दुःख झाले…”

मी थांबले.

“वाच, वाच,” आत्या म्हणाल्या. “चांगलं लिवलंय.”

“…त्यांच्या पश्चात मूर्तींचा दर्जा मात्र राहिलेला दिसत नाही. आठवण म्हणून आम्ही इंटरनेटवरील लिलावात घेतलेल्या मूर्तीचा रंग हाताला लागला व सोंड निखळली. सबब यंदाची ऑर्डर अन्यत्र द्यावी, असा कार्यकारिणीचा विचार आहे. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. आपला, केळकर, सेक्रेटरी.”

“शांती कसली!” आत्या ताडकन उठल्या. “सोंड निखळली म्हणतो! माझी?”

मरणाचं त्यांना काही वाटलं नव्हतं. सोंड मात्र जिव्हारी लागली.

आम्हा बायकांना दोन्हींपेक्षा तिसऱ्याचीच, ऑर्डरची धास्ती. गणपतीचं काम म्हणजे उन्हाळ्यापासून भाद्रपदापर्यंत. दिवाळी ते होळी पेणचे बरेच कारखाने थंड असतात. आत्यांचा चालायचा तो केवळ या अमेरिकेच्या ऑर्डरवर, कारण तिकडचे गणपती बोटीनं जात आणि महिनोन् महिने आधी निघत. ती ऑर्डर गेली की आम्ही घरी. आणि माझ्या घरी नवराही नुकताच येऊन बसला होता. डोलवीच्या ठेकेदाराचं काम संपलं होतं. आत्यांकडचंही सुटलं तर खोली सोडून पारोळ्याला भावाच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि भावजय काय म्हणेल ते मला पेणमध्ये बसून ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी आत्या, मी आणि संदीप रोह्याला त्याच्या क्लासात. चपला बाहेर काढायच्या, कॉम्प्युटरवर टॉवेल पांघरलेले. संदीपनं ती लिलावाची जागा उघडली. फोटो वरून खाली हळूहळू उतरत होता. आधी मुकुट आला, मग कपाळ, मग डोळे.

“तिरळा!” आत्या ओरडल्या. सोंड अजून यायची होती.

खाली इंग्रजीत लिहिलेलं संदीपनं सांगितलं, “दुर्मिळ. पेणच्या कैलासवासी इंदूआत्या यांच्या हातची शेवटची मूर्ती.”

“शेवटच्या किती हायत?”

संदीपनं मोजलं. “तेरा.”

विकणारा अमेरिकेतला होता. माल कुणीतरी इकडून पेटीत भरून पाठवत होतं, हे उघड होतं. संदीप म्हणाला, तक्रार करायची सोय आहे, आपण लिहू, ते लोक काढून टाकतात. तो टाइप करायला लागला. आत्या त्याच्या खांद्यावरून बघत होत्या. इंग्रजी येत नव्हतं, पण संशय यायला इंग्रजी कशाला लागतं?

“काय लिवलंस?”

“ही मूर्ती खोटी आहे, असं.”

“पुस ते.”

“अगं आत्या, असंच लिहावं लागतं. नकली माल, बनावट माल. त्याशिवाय ते ऐकत नाहीत.”

“गणपती बनावट? पुस आधी!”

खूप वादावादी झाली. संदीप घामाघूम. शेवटी आत्यांनी सांगितलं तसंच त्यानं लिहिलं की मूर्ती खरी आहे, विकणारा खोटं बोलतो. उत्तर आलं ते फार सभ्य होतं. तक्रारीबद्दल आभार, वस्तू खरी असल्याचं आपण स्वतःच कळवल्यामुळं प्रकरण बंद करण्यात येत आहे. संदीपनं कपाळ टेबलावर टेकवलं.

मी सहसा आत्यांना उलटून बोलत नसे, पण त्या दिवशी काळजीनं तोंड उघडलं. “आत्या, एवढा एक शब्द लिहिला असता तर काय झालं असतं?”

“अगो, तो कोणाच्या तरी घरात पाटावर बसणार ना?” त्या म्हणाल्या. “ती बाई त्याची आरती करंल, मोदक करंल. तिला मी काय सांगू? तुझा देव खोटा हाय? आणि मी सांगितलं तर तो होईल काय खोटा?”

देव खरा राहिला. नोकरी मात्र जवळजवळ गेली.

मग आत्यांनी दुसरा मार्ग काढला. लिलाव आहे ना? मग आपण बोली लावू, मूर्ती घरी आणू, बघू कोणाकडून येते. कल्पना वाईट नव्हती. पण आत्यांना लिलाव माहीत होता तो गल्लीतल्या मंडळाचा. विसर्जनाच्या आधी प्रसादाच्या नारळाचा लिलाव होतो, आणि तिथं जितकी चढी बोली तितका मान. तो नारळ वर्षानुवर्षं आत्यांकडं. माघार हा प्रकारच त्यांना ठाऊक नव्हता. समोर अमेरिकेतला कुणीतरी बोली वाढवत होता आणि इकडं आत्या खुर्चीच्या टोकावर बसून, “वाढव! वाढव रे! कोण हाय तो, बघू दे मला!”

“आत्या, आपणच चोराच्या मालाचा भाव वाढवतोय,” संदीप कळवळून सांगत होता.

“गणपतीच्या लिलावात मागं हटू? बोल आणखी!”

क्लासातल्या पोरी टायपिंग सोडून टाळ्या पिटायला लागल्या. मधेच संदीपच्या आईचा फोन आला आणि इंटरनेट तुटलं. ते परत जुळेपर्यंत आत्यांनी वहिनीला अशी काही दूषणं दिली की ती इथं लिहिता येणार नाहीत. अखेर बोली आत्यांची ठरली. शेवटची मूर्ती, कैलासवासी इंदूआत्यांच्या हातची, आता कैलासवासी इंदूआत्यांची झाली होती.

विकणाऱ्याचं कळवणं आलं. गिऱ्हाईक भारतातलं असल्यास मूर्ती आमच्या रोहे येथील दुकानातून घेऊन जावी, पैसे तिथंच द्यावेत. आणि दुकानाचा पत्ता. बादल्या, खुर्च्या, प्लॅस्टिकचं सामान.

“तरी म्हटलं,” आत्या म्हणाल्या, “डोळे ओळखीचे वाटतायत.”

दुकान तिथून चालण्यासारखं होतं. मधुशेठ बादल्या एकात एक घालत बसला होता. आत्यांनी संदीपनं छापलेला कागद पुढं केला. त्यानं ओळखलं नाही. मोठ्या आदरानं गोणपाटात गुंडाळलेली मूर्ती बाहेर काढली.

“नशीबवान हाव ताई. ती बाई आता परत होणे नाय.”

“मीच ती,” आत्या म्हणाल्या.

मधुशेठ हसला. मग त्यानं नीट बघितलं, आणि अंबाड्यातला कुंचला दिसला असावा. खाली बसला तो नेमका बादलीवर. बादली कलंडली.

“मग… मग ती गेली ती कोण?”

“ते तूच सांग. पोचवायला तू व्हतास, मी नव्हते.”

“मी नाय लिवलं गो आत्या. अमेरिकेत मेव्हणा हाय, त्यानं लिवलं.”

“आणि मेव्हण्याला काय सपनात कळलं?”

मधुशेठनं कलंडलेली बादली सरळ केली. मला वाटलं, आता पोलिसात जाऊ, आता आमची बाजू वर आली. पण आत्यांचं लक्ष मधुशेठवरून उडालं होतं. गोणपाट सोडून त्या मूर्तीकडं बघत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, “चहा सांग.”

मधुशेठला वाटलं, सुटलो. त्यानं चहा सांगितला. आत्यांनी बशी मागितली. ते ऐकून मला शंका आलीच. शेजारच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानातून त्यांनी रंगांच्या बाटल्या आणायला लावल्या, अंबाड्यातून कुंचला काढला, बशी खाली ठेवली. मी मधुशेठला खूण केली, बोलू नका. रस्त्यावर एसटीचे हॉर्न, धाटावच्या कंपन्यांत शिफ्टला निघालेल्या स्कूटरी, आणि त्या बादल्यांच्या ढिगात आत्या मांडी घालून आधी एक डोळा पांढरा करून पुन्हा आखतायत, मग दुसरा. मधुशेठ आलेल्या गिऱ्हाइकाला हातानंच थांबवत उभा.

झालं. त्यांनी मूर्ती आमच्याकडं वळवली. आता ती बघत होती. मधुशेठचे हात आपोआप जोडले गेले. चपला पायात आहेत हे लक्षात आल्यावर त्यानं त्या घाईघाईनं काढल्या.

“आता ऐक,” आत्या म्हणाल्या. “गणपती विक. कोणाचेपण विक. माझं नाव लावायचं नाय. आणि मेव्हण्याला लिव, मी जित्ती हाय.”

मधुशेठ चुळबुळला. “नाव काढतो, आत्या. पण जित्ती लिवलं तर उरलेल्यांचा भाव पडंल गो.”

“पडू दे. तुझ्या भावासाठी मी मरू?”

मूर्ती त्याच्याच दुकानात ठेवून बाहेर आल्यावर माझ्या डोक्यात एक गोष्ट लख्ख पेटली आणि मी रस्त्यातच थांबले. “आत्या, अहो, डोळे तुम्ही काढले. आता ती मूर्ती खरंच तुमच्या हातची झाली ना!”

आत्याही थांबल्या. “अगं बाई,” म्हणाल्या. एसटीत बसल्यावर मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, “कोणाला बोलू नको.”

मधुशेठनं शब्द पाळला, त्याच्या परीनं. मेव्हण्यानं मजकूर बदलला. संदीपनं वाचून दाखवला, ‘पेणच्या पद्धतीची मूर्ती. इंदूआत्या आता बऱ्या आहेत.’ भाव खरोखर पडला.

पण आमचं काम त्यानं भागेना. संदीपनं केळकरांना कळवलं की आत्या जिवंत आहे. त्यांचं उत्तर आलं की इंटरनेटवर एकदा फसल्यावर आता कुणाच्याही जगण्यामरण्यावर विश्वास ठेवणं मंडळाला कठीण आहे. तू स्वतः फोन कर, असं संदीपनं आत्यांना परोपरीनं विनवलं. आत्या हटून बसल्या. “जित्ती हाय ते सांगायला फोन करू? आणि समोरचा विचारणार, कशावरून? नको रे बाबा.”

कारखान्यात काम संपत आलं होतं. शेवंता चुलतभावाच्या मिठागरावर काम आहे का ते विचारून आली. बाकीच्या दोघी येईनाशा झाल्या. मी रिकाम्या फळ्या पुसत होते. त्या आधीच पुसून झालेल्या होत्या.

“आत्या,” मी म्हटलं, “भावाला कळवून टाकू का, आम्ही येतोय म्हणून? फार उशीर झाला तर तोही…”

मी फळीच्याच फडक्यानं डोळे पुसले. आत्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मूर्तीशी बोलावं तसं, कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाल्या, “रडायचं काय त्यात,” आणि पायात चपला घालून चालू लागल्या. मी मागोमाग. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा कळलं. नंबर मीच फिरवला. तो एवढा लांब की दोनदा चुकला.

बूथचं दार बंद होईना, त्यामुळं आत्यांचं बोलणं अर्ध्या बाजारानं ऐकलं. पलीकडचं मला कान लावून ऐकू येत होतं.

“मी इंदू बोलतेय, पेणहून.”

“नमस्कार. पण आपण खरंच इंदूआत्या आहात, हे कशावरून समजायचं?”

आत्यांच्या कपाळाची शीर उभी राहिली. आता फोन ठेवणार म्हणून मी देवाचा धावा सुरू केला. पण त्यांनी ठेवला नाही.

“केळकर, गेल्या वर्षी विसर्जन कुठं केलंत?”

पलीकडून हळूच, “तळ्याची परवानगी मिळाली नाही, म्हणून… टबमध्ये.”

“कसल्या टबमध्ये?”

“…आंघोळीच्या.”

“आणि त्याचा फोटो काढून मलाच पाठवलात! वर दात काढून उभे! अहो, बादली घ्यायची कोरी, फुलं घालायची. ते पाणी झाडाला घालायचं. तुम्हाला काय सगळं मीच सांगायला पाहिजे? आणि शाडू मोरीत घातलात तर तुंबली असंल मोरी. तुंबली ना?”

“तुंबली,” केळकर म्हणाले. मग तिकडं कुणाला तरी मोठ्यानं सांगितलेलं मलाही ऐकू आलं, “अगं, आत्याच आहेत!”

ऑर्डर मिळाली. मी बूथच्या बाहेर पायरीवर बसून शेवंताला कसं सांगायचं ते जुळवू लागले. आत्यांनी पुढं होऊन बूथवाल्याशीही थोडं भांडून घेतलं.

एक अट मात्र कार्यकारिणीनं घातली. पुन्हा फसगत नको म्हणून प्रत्येक मूर्तीबरोबर आत्यांचा त्या मूर्तीसोबतचा फोटो हवा. ऑर्डर पुरी होत आली तेव्हा संदीप कॅमेरा घेऊन आला, मागं पांढरी चादर बांधली. आणि तिथून त्याचे हाल सुरू झाले. मूर्ती हातात आली की आत्यांना तिच्यात काहीतरी दिसायचं, बटण दाबेपर्यंत मान खाली. “आत्या, वर बघ!” “थांब रे, कानाशी रंग कमी वाटतो.” असं दोन दिवस चाललं.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेण सोडणार होते. नवऱ्याला गुजरातेत सुरतेकडं काम लागलं होतं, तिथले लोक या खेपेला कायमचं म्हणत होते. ट्रंक रिक्षात ठेवून मी पाया पडायला कारखान्यात आले. आत्या चादरीपुढं मूर्ती घेऊन उभ्या होत्या. मी वाकले.

“वाकू नको, फोटोत येशील,” संदीप ओरडला.

“मग येऊ दे,” आत्या म्हणाल्या. मूर्तीचा पितांबर त्यांनी उजेडाकडं केला. “हा हिनं रंगवलाय. दागिने शेवंतानं केलेत. मी एकटी उभी राहून ‘माझ्या हातची’ म्हणून पाठवायचा तर मधुशेठमधे नि माझ्यात फरक काय? ये गो खान्देश. शेवंता, तूपण ये. सगळ्या या.”

“आत्या, मंडळाला फक्त तुझा—”

“तू बटण दाब.”

बाकीच्या रंगाचे हात पुसत आल्या नि आम्ही चादरीपुढं गोळा झालो. मूर्ती जड होती, आत्यांनी ती माझ्या हातात दिली आणि माझ्या मागं सरकल्या. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, नवरा हाका मारत होता, शेवंता दाबून ठेवलेलं हसत होती. कॅमेरा वाजला.

त्या फोटोची एक प्रत संदीपनं मला सुरतेला पाठवली. आम्ही सगळ्या समोर बघतोय, मी तर घाबरून ताठ. आत्या माझ्या खांद्यामागून पुढं वाकल्यायत, चुण्यांवरचा माझा रंग बघायला. चेहरा दिसतच नाही. चष्म्याची सुतळी आणि पिकलेला अंबाडा तेवढा दिसतो. संदीपनं सोबत लिहिलं होतं की अमेरिकेहून केळकरांचा फोन आला होता. मूर्ती पोचली, सोंड शाबूत आहे, फोटोही सगळ्यांना आवडला. फक्त कार्यकारिणीला एवढंच जाणून घ्यायचं आहे, की यातल्या आत्या कोण?